तिथीचा वाढदिवस

वाढदिवसाची पहिली शुभेच्छा हल्ली बँकेकडून येते, तीही मध्यरात्री. मग विमावाले, रक्त तपासणारी लॅब, सराफ. आठ वाजता सोसायटीचा ग्रुप जागा होतो आणि गुलाबांची चित्रं सुरू होतात. 'यंदाचा वाढदिवस एकट्याने, शांतपणे घालवायचा' असं ठरवणारे बहुतेक जण याच तारखेशी झुंजत बसतात. फोन बंद ठेवावा, तर संध्याकाळी प्रत्येकाला 'अरे, रेंज नव्हती' सांगत बसायचं. त्यापेक्षा तारीख लोकांना देऊन टाकावी आणि तिथी स्वतःकडे ठेवावी, ज्ञानेश्वरी घेऊन कुठेतरी एकट्याने बसायला. तिथी कुणाच्या लक्षातच नसते.

फक्त ती नीट काढावी लागते. जन्मवर्षाचं जुनं कॅलेंडर मिळालं की चौकोनातली तिथी उचलली, असं करून चालत नाही. ती सूर्योदयाची तिथी. संपते कधी, ते बारीक टाइपात दिलेलं असतं. 'चतुर्थी दुपारी ३.४०पर्यंत' असं असेल आणि जन्म रात्री नऊचा, तर आपण पंचमीचे. 'कालनिर्णय' १९७३पासूनचं, त्याआधी जन्मलेल्यांनी जुनं पंचांग गाठावं. मोबाइलवर बघणाऱ्यांची फसगत वद्य पक्षात होते. ॲप उत्तरेकडच्या पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या पद्धतीवर असलं तर महिना एकाने पुढचा दाखवतं, म्हणजे आपली श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपदात जाते. अधिक महिन्यात जन्मलेल्यांनी त्याच नावाचा निज, म्हणजे नेहमीचा महिना धरायचा, नाहीतर पुढच्या वाढदिवसाची वाट बघण्यात बरीच वर्षं जायची.

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारते. एकोणीस वर्षांत असे सात अधिक महिने पडून हिशेब जुळतो. त्यामुळे १९व्या, ३८व्या, ५७व्या वाढदिवशी तारीख आणि तिथी हातात हात घालून येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. त्या वर्षी एकांताचा नाद सोडावा आणि मुकाट्याने केक कापावा.

पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांच्या 'धर्मसिंधू'त वाढदिवसाचा विधी दिलेला आहे, तोही तिथीचाच. तिळाचं उटणं लावून स्नान, मार्कंडेय आणि चिरंजीवांचं स्मरण, आणि तीळ-गूळ घातलेलं दूध, अर्धी ओंजळ. त्या दिवशी काय टाळायचं तेही सांगितलेलं आहे. नखं-केस कापू नयेत, भांडू नये, प्रवास करू नये. महाबळेश्वरला रिसॉर्ट बुक करून 'स्वतःसोबत वेळ' घालवणाऱ्यांनी हे शेवटचं लक्षात घ्यावं. घाटातल्या रांगेत प्रवास आणि भांडण दोन्ही निषेध एका फटक्यात मोडतात.

दुधाचं म्हणाल तर उकळत्या दुधात गूळ टाकला की बहुतेक वेळा ते फाटतं. दूध तापवून उतरवावं, बोट बुडवता येईल इतकं निवू द्यावं, मग किसलेला गूळ घालून ढवळावं. पाऊण वाटी दुधाला चमचाभर गूळ आणि चिमूटभर भाजलेले तीळ पुरतात. चिकीचा गूळ यासाठी घेऊ नये.

राहिला वाचायला बसायच्या जागेचा प्रश्न. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी योगाभ्यासाला बसायची जागा कशी असावी ते सांगितलंय, आणि ते वर्णन जागा भाड्याने बघणाऱ्याच्या यादीइतकं काटेकोर आहे. ऊन असावं पण शीतळ, वारा असावा पण मंद. जागा बरीचशी निःशब्द हवी. पोपट आणि भुंगेसुद्धा नकोत. पाण्यालगत हंस, दोन-चार सारस, कधीमधी एखादा कोकीळ चालेल. आणि मोर? 'निरंतर नाहीं। तरी आलीं गेलीं कांहीं। होतु कां मयूरेंही। आम्ही ना न म्हणों॥' म्हणजे कायमचे नकोत, येऊन-जाऊन असले तर आमची हरकत नाही. या 'आम्ही ना न म्हणों'वर तास घालवावा इतकं ते गोड आहे.

पुण्यातल्या माणसाला यासाठी वेताळ टेकडी पुरते. मोर तिथे खरोखरच आहेत, येऊन-जाऊन. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गप्पा आणि त्यांच्या खिशातली गाणी ओसरली की नऊनंतर जावं. माथ्यावर बसू नये; वाऱ्याने पुस्तकाची पानं फडफडतात आणि अर्धं लक्ष अंगठ्याने पान दाबण्यात जातं. उताराला, वाऱ्याकडे पाठ करून बसावं. टेकड्यांवर ग्लिरिसिडियाच्या झाडांची लागवड भरपूर, आणि ती माघ-फाल्गुनात पानं गाळून नुसती गुलाबी फुलांवर येते. दिसते छान, सावली शून्य. त्या महिन्यांत जन्मलेल्यांनी टोपी न्यावी, किंवा मोठा वड शोधावा. देहूजवळचा भंडारा डोंगर तर तुकोबांच्या एकांताचा, पण माघ शुद्ध दशमीच्या आसपास तिथे सप्ताह असतो. त्या दिवसांत एकांत मिळत नाही, कीर्तन मिळतं.

वाचायला काय न्यावं, याबाबतीत हावरटपणा नडतो. अठरावा अध्याय एका बैठकीत संपवू म्हणणारे पहिल्या दोन-तीनशे ओव्यांतच जांभया देतात. त्यात अठराशेच्या वर ओव्या आहेत. बारावा बरा, २४७ ओव्यांचा. मोठ्याने, मिनिटाला चार या चालीने वाचला तर तासाभरात होतो. 'जय जय वो शुद्धे' ही सुरुवातही अशी की आवाज आपोआप लागतो. मोठ्यानेच वाचावं. मनातल्या मनात वाचलं की डोळा पुढे पळतो आणि ओवीचा शेवटचा आखूड चरण गिळला जातो. सार्थ प्रत घरी ठेवावी. ती जाडजूड, आणि ओवी सोडून खालचा अर्थच वाचायची सवय लागते. अडलेल्या ओवीपाशी पेन्सिलीने बारीक टिंब करावं आणि पुढे जावं.

दुपारी घरी येऊन वरण-भात. संध्याकाळी निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता, सगळं तबकात मांडता येतं एकट्याला. ओवाळायला मात्र दुसरं कुणीतरी लागतं. घरात कुणी नसेल तर शेजारच्या काकूंना हाक मारावी. त्या येतातच. पण आधी 'आज? तुझा तर पुढच्या महिन्यात ना?' असं विचारतात, मग तिथीचं सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं, आणि ओवाळून झाल्यावर त्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात.