व्हेडरचा श्वास

माझ्या लहानपणी 'स्टार वॉर्स' या इंग्रजी अंतराळपटांचे पहिले तीन भाग आमच्याकडे व्हिडिओ कॅसेटवर होते. मामाने दिलेल्या त्या कॅसेटी मी आणि दादाने इतक्यांदा रिवाइंड केल्या की काही ठिकाणी चित्रावर पांढऱ्या रेघा उमटायला लागल्या होत्या. इंग्रजी आम्हाला फारसं कळत नव्हतं. म्हणून की काय, सगळ्यात जास्त कळायचा तो आर-टू, तो बुटका यंत्रमानव. त्याच्या शिट्ट्यांवरून तो रुसलाय की घाबरलाय, हे आम्ही पैज लावून सांगायचो. पुढे मोठेपणी वाचलं की त्याचा आवाज घडवताना बेन बर्ट या ध्वनितज्ज्ञाने सिंथेसायझरच्या सुरांत स्वतःच्या तोंडचे, तान्ह्या बाळासारखे आवाज मिसळले होते. भाषा न येणाऱ्या आम्हा दोघांना तो कळायचा तो उगाच नाही!

लेक सहा वर्षांची झाली तेव्हा वाटलं, आता तिला पहिला भाग दाखवावा. सुरुवातीची ती पिवळी, वर सरकत जाणारी अक्षरं मी तिला मराठीत वाचून दाखवली. त्याआधी येणारी निळी ओळ तर थेट 'आटपाट नगर होतं'च्याच चालीवरची, त्यामुळे ती लगेच मांडीवर येऊन बसली. आणि मग पाचेक मिनिटांत, धुरातून काळा, मुखवटा घातलेला खलनायक डार्थ व्हेडर आला. तो काही बोलायच्या आधीच तिने कान झाकले. डोळे नाही, कान. "आई, त्याचा श्वास बंद कर."

सिनेमा बंद केला. पुढचे तीन आठवडे मी विषयसुद्धा काढला नाही. मनातून फार वाईट वाटत होतं, ते मी लपवत नाही. जे आपल्याला इतकं जवळचं आहे त्याचीच आपल्या मुलीला भीती बसली, आणि ती आपणच घाई करून बसवली, हे डोक्यातून जाईना.

मग एका दुपारी तिला सांगितलं, की तो श्वास व्हेडरचा नाहीच. पाणबुडे तोंडात धरतात त्या श्वास घ्यायच्या यंत्रात बर्टने छोटा माइक बसवला आणि आपलाच श्वास रेकॉर्ड केला. तिचा विश्वास बसेना. स्टीलचा पेला आणला, तो तिच्या तोंडाला नीट लावला, फोन जवळ धरला. "नाकाने नको, तोंडाने. सावकाश." तिने आत घेतला, थांबली, बाहेर सोडला. पेल्याच्या आतल्या बाजूला वाफ धरली. रेकॉर्डिंग लावलं तर खरखरीत, घुमणारा, चांगला भारदस्त श्वास. ती माझ्याकडे बघतच राहिली. "ही मी आहे?"

त्या संध्याकाळी आम्ही पहिला भाग शेवटपर्यंत बघितला. व्हेडर आला की ती पेला तोंडाला लावून त्याच्याबरोबर श्वास घ्यायची. आर-टू काय म्हणतोय ते मात्र मला विचारावं लागलं नाही, तीच मला सांगत होती.

क्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे : 1977, 1980, 1983, ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने. 1999 पासून आलेले, आधीची गोष्ट सांगणारे भाग आधी दाखवले तर दुसऱ्या भागातलं गुपित हातातून जातं. ते गुपित चित्रीकरणातही जपलं होतं. व्हेडरच्या पोशाखात वावरणाऱ्या डेव्हिड प्राउज यांना वेगळंच वाक्य दिलं होतं, नायक ल्यूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिलना खरं काय ते शॉटच्या जरा आधी कळलं, आणि खरं वाक्य जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात नंतर बसवलं. मीही दादाला बजावून ठेवलं होतं, भाचीसमोर चकार शब्द काढायचा नाही.

दुसरा भाग मी मुद्दाम ती सात वर्षांची झाल्यावरच लावला, कारण त्यात हात तुटतो. तो प्रसंग आला तेव्हा मी पडद्याकडे बघतच नव्हते, तिच्याकडे बघत होते. तुझा बाप मीच, हे व्हेडर ल्यूकला सांगतो. ती दचकली नाही, रडली नाही. पेला हळूच खाली ठेवला आणि म्हणाली, "खोटं बोलतोय तो."

संहितेत ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा जोन्सनाही हेच वाटलं होतं, की व्हेडर खोटं बोलतोय. हे तिला सांगायचा मोह फार झाला, पण गप्प बसले.

रात्री अंथरुणात, दिवा मालवल्यावर पेल्यातला श्वास ऐकू आला. दोन-तीनदा. मग थांबला.

"आई, तो मुखवटा काढला तर त्याला आपल्यासारखा श्वास घेता येईल का?"

"तिसऱ्या भागात बघू," मी म्हटलं.

"उद्या?"

"रविवारी."

पेला अजून तिच्या उशाशी आहे.