माझ्या अंगठ्याचा उशीर

मला स्कीइंग येत नाही. म्हणजे सरळ घसरता येतं, वळता येतं आणि थांबताही येतं, फक्त ते याच क्रमाने होईल याची खात्री नाही. तरी युनिव्हर्सिटीच्या स्की-क्लबात मी दोन हिवाळे काढले आणि एकही स्पर्धा चुकवली नाही. विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या स्पर्धेत उतरणाऱ्यांपेक्षा राबणारे जास्त लागतात, आणि राबायला मला येतं.

पहिल्या हिवाळ्यात मी गेट-जज होते. हातात एक कार्ड, पेन्सिल, आणि चार गेटांची जबाबदारी. गेट म्हणजे बर्फात रोवलेल्या काठ्यांची जोडी, तिच्या मधून स्पर्धकाने जायचं. पेन्सिलच, कारण थंडीत बॉलपेनची शाई गोठते. स्पर्धकाच्या दोन्ही स्कींची टोकं आणि दोन्ही पाय गेटच्या रेषेवरून गेले पाहिजेत. नाही गेले तर बिबचा, म्हणजे स्पर्धकाच्या अंगावरच्या कापडी पट्ट्याचा, नंबर, गेटचा नंबर आणि तो कुठून कसा गेला त्याचं चित्र काढायचं. स्पर्धक गोंधळून थांबला आणि त्याने विचारलं, तर दोनच शब्द बोलायची परवानगी: ‘गो’ किंवा ‘बॅक’. तिसरा नाही. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच होती. एकदा एक मुलगा घसरत पलीकडे गेला आणि माझ्याकडे इतक्या केविलवाण्या चेहऱ्याने बघायला लागला, की ‘बॅक’ म्हणताना मलाच अपराधी वाटलं.

गेटं लावणं हा वेगळाच प्रकार. पहाटे अंधारात, डोक्याला दिवा बांधून, ड्रिलने बर्फात भोक पाडायचं, काठीचा बूड किल्लीने पिळून घट्ट करायचा, आणि शेजारी निळ्या रंगाचा फवारा मारून ठेवायचा. म्हणजे काठी उपटली गेली तरी नेमकी त्याच जागी परत रोवता येते. एक लाल, एक निळं, एक लाल, एक निळं. आणि स्की संपल्यावर स्नोबोर्डवाल्यांसाठी हे सगळं पुन्हा! त्यांचं गेट वेगळं असतं. आतल्या बाजूला आखूड काठी, बाहेर उंच, मधे तिरकं त्रिकोणी कापड. बोर्डवाला वळताना इतका आत झुकतो की आतली काठी उंच असली तर छातीवरच आदळेल. या वेळेपर्यंत स्कीवाले मदतनीस कुठे गायब होतात, हे मला दोन वर्षांत कळलं नाही. स्नोबोर्डवाल्यांना या वागणुकीची सवय असावी. अमेरिकेत एनसीएएची, म्हणजे कॉलेज-खेळांच्या मुख्य संघटनेची, स्की-स्पर्धा 1954 पासून आहे, पण तिच्यात स्नोबोर्डला आजही जागा नाही. तिथले बोर्डवाले यूएससीएसए या कॉलेजांच्या स्की-स्नोबोर्ड संघटनेच्या, म्हणजे मुख्यतः क्लबांच्या, स्पर्धांत उतरतात.

तसं पाहिलं तर या खेळाच्या मुळाशी पोरांची हौसच आहे. 1909 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या फ्रेड हॅरिस नावाच्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की आपण स्कीचा आणि हिवाळी भटकंतीचा क्लब काढूया. क्लब निघाला, तो अजून चालू आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पोरं 1922 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनला एकमेकांशी भिडली. त्याच वर्षी जानेवारीत, दरीच्या पलीकडच्या अंगाला म्युरेनमध्ये, आर्नोल्ड लन या ब्रिटिश स्कीवाल्यांनी झेंड्यांच्या जोड्या रोवून आजच्या धर्तीचा स्लॅलम (गेटांमधून वळत उतरायची शर्यत) घेतला. त्याआधी वळणाच्या डौलाला गुण मिळत. लन यांनी ठरवलं, डौल राहू द्या, वेळ मोजा.

तर वेळ. दुसऱ्या हिवाळ्यात मला बढती मिळाली आणि मी फिनिशला स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले.

वेळ खरं तर मशीनच मोजतं. वर सुरुवातीला एक दांडी असते, ती स्पर्धकाच्या नडगीने ढकलली की घड्याळ सुरू. खाली फोटोसेलचा किरण तुटला की बंद. स्टॉपवॉचवाले असतात ते मशीनने दगा दिला तर. सकाळी सगळी घड्याळं एकमेकांशी जुळवायची आणि मग दिवसभर प्रत्येक स्पर्धकाला बटण दाबायचं. ते आकडे सहसा कुणी बघतसुद्धा नाही. मी मात्र प्रत्येक आकडा इमानाने वहीत लिहीत होते.

त्या दिवशी ऊन निघालं होतं. बर्फ भुसभुशीत झाला, म्हणून आमच्या पोरांनी मार्गावर मीठ फेकलं. मिठाने बर्फ वितळतो हे शाळेत शिकलेली मी चक्रावलेच. पण गंमत अशी, की वरचा थर वितळायला जी उष्णता लागते ती तो आजूबाजूच्या ओल्या बर्फातूनच ओढतो, आणि तो ओला बर्फ गोठून दगड होतो. तासभर टिकतं. त्या दगडावर मुलींची दुसरी फेरी सुरू झाली.

दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतले वरचे स्पर्धक उलट्या क्रमाने उतरतात, म्हणजे त्यांच्यातली सर्वांत वेगवान शेवटी. मजा वाढत जाते. त्यांतल्या शेवटच्या काही मुली राहिल्या होत्या. एक जण फिनिशच्या रेषेवरच पडली, घरंगळत फोटोसेलच्या ट्रायपॉडला धडकली, उठून हसत निघूनही गेली. फोटोसेलचा डोळा वाकडा झालाय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढची मुलगी सुसाट आली, रेषा ओलांडली, आणि फलकावरचं घड्याळ आपलं पळतच राहिलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

अशा वेळी हातघड्याळाची वेळ तशीच घेत नाहीत. नियम असा, की लगेच आधीच्या दहा जणींच्या वेळा घ्यायच्या, प्रत्येकीला माझं घड्याळ आणि मशीन यांत किती फरक पडला ते काढायचं, दहा फरकांची बेरीज करून दहाने भागायचं, आणि तेवढी दुरुस्ती माझ्या वेळेत करायची. मला हे फार आवडलं. माझा अंगठा अचूक असायची गरजच नाही, तो दर वेळी सारखाच चुकला की पुरे.

आणि तो चुकत होता सारखाच! 0.11, 0.14, 0.12, 0.15... फिनिशच्या तंबूत मी आणि दुसऱ्या युनिव्हर्सिटीचा एक मुलगा वजाबाक्या करत होतो. नऊ फरक 0.11 ते 0.16 मध्ये. एक 0.31.

तो कुठला, हे मला पाहताक्षणी आठवलं. डावा हातमोजा निसटत होता म्हणून मी तो दातांनी ओढत होते, आणि मुलगी रेषेवर आली.

बेरीज 1.49. सरासरी 0.149, म्हणजे 0.15. ते वजा केल्यावर त्या मुलीची दोन्ही फेऱ्यांची एकूण वेळ आली 1:33.42. तिसरा नंबर. चौथी आली आमच्या क्लबची कॅप्टन, 1:33.43.

मी पुन्हा एकदा हिशेब केला, नसता केला तर बरं झालं असतं. तो 0.31 बाजूला ठेवला तर सरासरी 0.13 येते, त्या मुलीची वेळ 1:33.44 होते आणि तिसरी येते आमची कॅप्टन. म्हणजे पदक माझ्या हातमोज्याने दिलं होतं.

गप्प बसावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी पंचांना सांगितलं. पंच म्हणजे तीन विद्यार्थी, त्यातली एक सोमवारी परीक्षा आहे म्हणून मांडीवर नोट्स घेऊन बसलेली. तिने नियमावली काढली, बोटाने ओळ दाखवली. “दहा म्हणजे दहा. गैरसोयीचा म्हणून एखादा गाळायला लागलो तर उद्या सगळेच कुठला ना कुठला गाळतील.” दोन मिनिटांत निकाल लागला. ट्रायपॉडपाशी माणूस का नव्हता यावर मात्र त्यांनी वीस मिनिटं भांडण केलं, आणि ते योग्यच होतं.

कॅप्टनला मीच जाऊन सांगितलं. ती बूट सैल करत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, 0.31 चा आकडा दोनदा विचारला आणि म्हणाली, “अगं, अकराव्या गेटला मी अख्खा अर्धा सेकंद घालवला. तुझा हातमोजा काय घेऊन बसलीस?” मग जरा वेळाने, “पण नवीन घे हं.”

संध्याकाळी गेटं उपटायला आम्ही दोघीच उरलो होतो. ऊन गेल्यावर बूड बर्फात पक्के बसले होते, किल्ली फिरता फिरेना. ती पिळायची, मी काठी धरायची. बिबं मोजली तर नेहमीप्रमाणे एक कमी. सतरा नंबर. अजून सापडलेला नाही.