रिंगेचा गॅप

परतवाड्यात माझ्या गॅरेजवर बाइका येतात, शेतातल्या पंपांची इंजिनं येतात. बग्गी पहिल्यांदाच आली, तीही चिखलदऱ्याहून पिकअपमध्ये बसून. मालकाचं तिथं छोटं रिसॉर्ट आहे. पाहुण्यांना माळावर फिरवायला त्यांनी दोन सीटची, पाइपांच्या सांगाड्याची गाडी घेतली.

"भाऊ, एकटा बसला तं मस्त पयते. दोघं बसले का चढावर दमच सोडते. मोठा बोअर टाकून द्या," ते म्हणाले. किट त्यांनी आधीच मागवून ठेवला होता. संध्याकाळपर्यंत गाडी वर पाहिजे होती.

इंजिन जीवाय६ जातीचं, १५० सीसी. स्कूटरसारखंच, बेल्टवर चालणारं, पंख्याच्या हवेनं थंड होणारं. मूळ बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीचा व्यास, ५७.४ मिलिमीटरचा, किटमधला पिस्टन ६१चा. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, तोच, ५७.८. हिशेबानं १६९ सीसी होतात. सीसी वाढले की कॉम्प्रेशन आणि उष्णताही वाढते, पंखा मात्र तेवढाच राहतो.

मे महिना, टिनाचं छप्पर. म्हणून मी आणि पुतण्यानं सहालाच पाने हातात घेतले. फ्लायव्हीलवरची 'टी' खूण जुळवली, टायमिंग चेन तारेनं वर बांधली, हेड आणि जुना ब्लॉक, म्हणजे ती पिस्टनची नळी, काढला. क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबलं. पिस्टनच्या पिनला अडवणारी छोटी कडी, सर्कलीप, आत पडली की अख्खं इंजिन खोलावं लागतं.

मग पिस्टनभोवती बसणारी नवी रिंग नव्या ब्लॉकमध्ये घातली, पिस्टनच्या माथ्यानं ढकलून सरळ बसवली आणि तिच्या दोन टोकांच्या फटीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, लावलं. ०.१५ची पाती शिरेना. ०.१०ची अडकत अडकत गेली.

"काकाजी, नवा किट हाये. त्यायनं पाहूनच देल्ला असन नं?" पुतण्या म्हणाला.

दोन उन्हाळ्यांआधी मीही असंच धरून चाललो होतो. एका संत्रेवाल्याच्या पंपाला नव्या रिंगा न मोजता टाकल्या. तिसऱ्या दिवशी इंजिन जाम. तापली की रिंग लांब होते, टोकं एकमेकांना भिडतात, मग जागाच नसल्यामुळे ती ब्लॉकच्या भिंतीला खरवडते. त्या आठवड्यात पाण्यावाचून आंबिया बहाराची फळं झाडाखाली पडलेली मी स्वतः पाहिली. त्या माणसानं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. ते आजही डोळ्यांसमोर येतं.

पुतण्याला हे सांगितलं आणि बारीक कानस वाइसमध्ये धरली. रिंगेचं एकच टोक घासायचं, तेही बाहेरून आत, नाहीतर बाहेरच्या धारेचा टवका उडतो. चार हात मारायचे, पुसायचं, मोजायचं. बोअरच्या दर इंचाला चार थाउ (इंचाचा हजारावा भाग) हा आमचा हिशेब, म्हणजे ६१च्या बोअरला पाव मिलिमीटरच्या आसपास. दोन रिंगांना तास गेला. मालकांचे दोन फोन येऊन गेले. शेवटी ०.२५ची पाती हलकी ओढ देत सरकली. पुतण्यानं ती स्वतः तीनदा घालून पाहिली.

बाकी जोडणी पटापट झाली. रिंगांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना, हेडचे नट आडवे-तिडवे कसले, व्हॉल्व्हची फट ०.१०.

पहिल्याच किकला गाडी लागली. पण फेरी मारून प्लग काढला तर पांढराफटक. हवा जास्त, पेट्रोल कमी. असं इंजिन मोठ्या पिस्टनवर दोन दिवसांत जळतं. कार्बोरेटरमधला ११०चा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, काढून मोठा १२०चा टाकला. प्लग विटकरी आला.

घाट चढून पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. गाडी उतरवली, फिरवली, तर आता प्लग काजळीनं काळा! चिखलदरा परतवाड्यापेक्षा सातशे मीटरनं उंच आहे. हवा विरळ, जेट मात्र खालच्या हवेचा. तिथंच मातीवर गोणपाट अंथरून ११५चा बसवला.

मालकांना बजावून सांगितलं, पहिल्या दोन टाक्या अर्ध्या रेसच्या वर न्यायची नाही आणि पहिली टाकी संपली की ऑइल बदलायचं. पाहुणे थांबले तरी चालतील. ते मुकाट्यानं हो म्हणाले. मग वहिनींना शेजारी बसवून, जिथं गाडी रोज दम सोडायची त्याच चढावर निघाले. आवाज एकसारखा, जड. चढून, वळून परत आले.

मी काही बोलायच्या आधीच पुतण्या प्लगपाना घेऊन गाडीजवळ उकिडवा बसला होता.