घटस्फोटानंतर मुलीचा पासपोर्ट : माझा अनुभव

वडिलांची सही नसली तरी मुलीचा पासपोर्ट निघतो. फक्त अर्ज भरण्याआधी घटस्फोटाची डिक्री, म्हणजे कोर्टाचा अंतिम हुकूम, शांतपणे वाचा, कारण घोडं तिथेच अडतं. परस्परसंमतीच्या प्रकरणात डिक्री बऱ्याचदा छोटी असते: विवाह संपुष्टात आला, बाकी सगळं कन्सेंट टर्म्सप्रमाणे, म्हणजे दोघांनी कोर्टात मान्य केलेल्या लेखी अटींप्रमाणे. ताबा कोणाकडे हे लिहिलेलं असतं त्या कन्सेंट टर्म्समध्ये. त्यामुळे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयातून सर्टिफाइड कॉपी काढताना कन्सेंट टर्म्स तिला जोडलेल्या आहेत ना, हे तिथेच पाहून घ्या. साधी झेरॉक्स पुरेशी धरून जाऊ नका.

ताबा पूर्ण आईकडे असला तरी वडिलांना भेटीचा हक्क दिलेला असेल, तर अधिकारी त्या कलमापाशी थांबतात आणि संमती किंवा कोर्टाची परवानगी मागू शकतात. ज्यांच्या कन्सेंट टर्म्स अजून वकिलांकडेच आहेत, त्यांनी एक ओळ आताच घालून घ्यावी: मुलाचा पासपोर्ट काढणं, त्याचं नूतनीकरण आणि परदेश प्रवास यांसाठी दुसऱ्या पालकाची संमती लागणार नाही. पुढे व्हिसाच्या वेळीही हीच ओळ दाखवता येते.

अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर करायचा. सोबत ॲनेक्शर, म्हणजे पालकाने सही करून द्यायचं ठरावीक नमुन्यातलं निवेदन, जोडायचं. दोन्ही पालक सही करणार असतील तर ॲनेक्शर डी, एकट्या पालकाला ॲनेक्शर सी. त्यात दुसऱ्याची संमती का नाही, याचं कारण स्पष्ट लिहायचं. २०१६च्या डिसेंबरपासून हे साध्या कागदावर चालतं. स्टँप पेपर नको, नोटरी नको, बाहेरचे एजंट काहीही सांगोत.

छत्तीस पानी पासपोर्टची फी १००० रुपये. आठ वर्षांखालच्या मुलाचा पहिलाच अर्ज असेल तर दहा टक्के सूट. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा, ४.५ बाय ३.५ सेंटीमीटरचा फोटो सोबत न्यावा लागतो. त्याहून मोठ्या मुलांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात.

मालाड असो वा अंधेरी, केंद्रातला क्रम सारखाच: ए काउंटरवर कागद स्कॅन, बी वर पडताळणी, सी वर मंजुरी. डिक्रीवरची खरी चौकशी बी आणि सी वर होते, तेव्हा ताब्याच्या कलमाला आधीच खूण करून ठेवा. दुसरी अडचण नावांची. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं, असं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा कागद हवा. दाखल्यावर मुलाचं नावच नसेल तर आधी वॉर्ड ऑफिसातून ते घालून घ्या.

वडिलांनी आडकाठी केली म्हणून सगळं संपत नाही. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वडिलांची हरकत असतानाही एका अल्पवयीन मुलीला पासपोर्ट देण्याचा आदेश दिला होता.

लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आणि नूतनीकरणाला ताब्याचे कागद पुन्हा लागतात. म्हणून कोर्टातून सर्टिफाइड कॉपी एकदमच दोन-तीन काढा.