अर्धं जठर काढल्यावर तूप जातं कुठे?

जठराचा खालचा भाग काढला की घरात पहिला फतवा निघतो: तेल-तूप बंद. महिन्या-दोन महिन्यांत वजन उतरतं आणि बोल शस्त्रक्रियेला लागतो.

जठराचं खालचं टोक वरवंट्याचं काम करतं आणि दारवानाचंही. अन्न बारीक करून थोडंथोडंच पुढे सोडायचं. ते गेलं की अन्न भसकन आतड्यात उतरतं. त्यात बिलरोथ-२ किंवा रू-एन-वाय जोडणी (उरलेलं जठर आतड्याला जोडायच्या दोन पद्धती) असेल तर अन्न ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, टाळून थेट पुढच्या आतड्यात पोचतं. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस सोडायचा इशारा मुख्यतः ड्युओडेनममधून सुटतो. तो क्षीण होतो, रस उशिरा येतो. दादरला गाडी बदलायला उतरावं आणि जोडगाडी नुकतीच सुटलेली असावी, तशी गत. स्वादुपिंड बहुधा ठणठणीत असतं, म्हणून स्वादुपिंडाचा रस पुरेसा बनतो का हे पाहणारी शौचाची इलॅस्टेज तपासणी नॉर्मल आली तरी चरबी पचतेच आहे असं धरू नये.

शौच फिकट, चिकट, उग्र वासाचं आणि पाणी ओतूनही भांड्याला धरून राहणारं असेल तर चरबी वाया जाते आहे. जेवणानंतर अर्ध्या तासात घाम, धडधड आणि जुलाब हे मात्र वेगळं दुखणं, डंपिंग. तिथे बहुतेक वेळा गुन्हेगार साखर असते. कटिंगमधली दोन चमचे साखरसुद्धा पुरते.

तेल बंद करू नका, वाटून द्या. दिवसाचे सहा छोटे डबे, प्रत्येकात साधारण १० ग्रॅम चरबी. चहाचा एक सपाट चमचा तेल म्हणजे साडेचार ग्रॅम, म्हणजे फोडणीला एक आणि वरणावर चमचाभर तूप झालं. वडापाव एका बसणीला झेपत नाही, आणि पावसात भजीच्या गाडीवर तर हिशेबच राहत नाही.

डॉक्टरांनी पाचकरसाच्या कॅप्सूल दिल्या असतील तर वेळ सांभाळा. मुख्य जेवणाला सुरुवात बहुधा लायपेजच्या (चरबी पचवणारा पाचकरस) २५,००० ते ५०,००० युनिटांपासून होते. पहिल्या घासाबरोबर घ्या, जेवण लांबलं तर उरलेला डोस मध्यावर. जेवण आटोपल्यावर घेतलेली गोळी अन्नाच्या मागे धावत राहते. आतले दाणे चावू नयेत, गरम चहात टाकू नयेत.

एवढं करूनही पोट फुगत असेल तर अन्नाच्या वाटेबाहेर राहिलेल्या आतड्याच्या फाट्यात जंतू माजलेत का, हे डॉक्टरांना विचारा. ते जंतू पित्तातले चरबी पचवायला मदत करणारे क्षार बिघडवतात. मग कॅप्सूलचा डोस वाढवून उपयोग नाही, अँटिबायोटिक लागतं.

एमसीटी म्हणजे मध्यम साखळीच्या चरबीचं, वेगळं मिळणारं तेल; ते पचायला पित्ताची फारशी गरज नसते. खोबरेल त्याला पर्याय नव्हे, त्यात लॉरिक आम्लच जास्त, आणि ते बरंचसं नेहमीच्या चरबीसारखंच वागतं. एमसीटी तळणीला वापरू नका. शिजलेल्या भातावर किंवा वरणात घाला, सुरुवात एका छोट्या चमच्याने.

चरबीबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही निसटतात, तेव्हा ड आणि कॅल्शियम वेळोवेळी तपासावं. कॅल्शियम सायट्रेट घ्यावं, कारण कार्बोनेटला आम्ल लागतं आणि तेच आता कमी.

आणखी एक. बहुतेक कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. शाकाहारी घरात हे आधीच बोलून घ्यावं; मागाहून कळलं की बाटली कपाटात जाते.