डब्यावर लिहिलं होतं ‘गिमाँ’

मॉन्ट्रियलमध्ये जुन्या व्हिडिओ टेपा डिजिटल करून देण्याचं काम मी करतो. एकदा सत्तरी उलटलेल्या एक बाई दोन इंची टेपचं जडशीळ रीळ घेऊन आल्या. नवरा तेले-मेत्रोपोल या टीव्ही केंद्रात इलेक्ट्रिशियन होता. डब्यावर पेन्सिलीनं एकच शब्द : गिमाँ.

ऑलिव्हिए गिमाँ म्हणजे इथला लाडका विनोदी नट, १९७१ मध्ये गेला. शहरात फ्रेंच टीव्ही १९५२ पासून होता, पण तो रेडिओ-कॅनडा या सरकारी संस्थेचा, जरा मास्तरी थाटाचा. १९ फेब्रुवारी १९६१ला जोसेफ-अलेक्झांद्र देसेव्ह यांचं तेले-मेत्रोपोल हे खाजगी केंद्र दहा नंबरच्या चॅनेलवर सुरू झालं आणि पूर्वेकडच्या कामगार वस्त्यांना आपल्या बोलीत हसवणारं काहीतरी मिळालं. गिमाँ त्यात आघाडीवर.

दोन इंची टेप वाजवणारं आमचं जुनं क्वाड मशीन सुरू केलं की खोलीत बोलणं ऐकू येत नाही. टेप वाचणाऱ्या चार हेडचं चाक मिनिटाला १४,४०० फेरे घेतं. चारपैकी एका हेडवर टेपच्या लेपाची, ऑक्साइडची भुकटी बसली आणि चित्रात आडव्या पट्ट्यांनी मुंग्या दिसू लागल्या. थांबवलं, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, पुन्हा लावलं.

आधी रंग जुळवण्याच्या रंगीत पट्ट्या आल्या. मग सोफासेट, पलंग, फ्रिज, जाहिरातीमागून जाहिरात. बाईंचा चेहरा उतरला. टेप महाग, म्हणून त्या काळी जुनं पुसून नवं भरण्याची सगळीकडेच रीत होती. मला मात्र त्या जाहिराती आवडल्या. त्या काळची घरं कशी सजत, ते त्यांत दिसत होतं.

जाहिराती संपल्या तरी मी टेप चालू ठेवली. नवं रेकॉर्डिंग आखूड असेल तर जुन्याची शेपटी उरते. अचानक चित्र फाटलं. मशीन हाय-बँडवर, म्हणजे रंगीत रेकॉर्डिंगच्या नव्या पद्धतीवर होतं. ते जुन्या लो-बँडवर टाकलं आणि कृष्णधवल चित्र स्थिर झालं. वाक्याच्या मध्यातच एक माणूस, भुवया वर, आणि प्रेक्षकांचा हशा. बाई एकदम ओरडल्या, “गिमाँ!” जेमतेम पाऊण मिनिट, मग कोरी टेप.

मी दोन फाइली केल्या. पैसे देताना बाई अडून बसल्या : जाहिरातींचे मी का देऊ? म्हटलं, मादाम, हेड दोन्हींत सारखंच झिजतं. शेवटी निम्म्यावर तुटलं, आणि जाहिरातींची फाइल त्यांनी नेलीच नाही. ती माझ्याकडे आहे.