रिच-आर-टोन: बँजोची पट्टी अखेर ठरली

मंडळी, स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखात) विजेच्या घुंईंची रेघ सापडली! १२३.५ हर्ट्झवर, बारीक पण सरळ. मागच्या नोंदीत रिच-आर-टोन या जुन्या अमेरिकन लेबलच्या ७८ च्या तबकडीची एक गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीताची) बाजू होती. ती मुळात कोणत्या पट्टीत आणि कोणत्या वेगाने मुद्रित झाली, हे कोडं या रेघेनेच सोडवलं.

आठवत असेल, मिनिटाला ७८.२६ फेरे या वेगाने वाजवलं की बँजो जी आणि जी शार्प (जीच्या अर्धा स्वर वर) यांच्या बरोबर मधे बोलत होता. मूळ वादन जीमध्ये असेल तर तबकडी जोरात वाजतेय, जी शार्पमध्ये असेल तर हळू. आणि दोन्ही शक्य, कारण त्या काळातली मंडळी वाद्यं अर्धा स्वर चढवून लावत. ब्लूग्रास (बँजो-मँडोलिनचं अमेरिकन लोकवळणाचं संगीत) वाजवणाऱ्या फ्लॅट-स्क्रग्ज जोडीच्या १९५०च्या दशकातल्या रेकॉर्डी ऐका. म्हणजे कानावर भिस्त ठेवून चालणारच नव्हतं.

मग वीज मदतीला आली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्रांमधली घुंईं तबकडीत उतरते. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिची दुप्पट १२० वर दिसायला हवी. आपली वीज ५० ची. त्यामुळे माझ्या अ‍ॅम्प्लिफायरची घुंईं ५०, १००, १५० वर वेगळी बसते आणि अमेरिकेची वेगळी. इथे आपण अमेरिकेतल्या संग्राहकांपेक्षा नशीबवान. त्यांच्याकडे दोन्ही एकमेकांत मिसळतात. बँजो जीमध्ये असेल तर रेघ १२३.५ च्या आसपास, जी शार्पमध्ये असेल तर ११६.५ च्या आसपास, हा हिशेब आधीच मांडून ठेवला होता. निघाली १२३.५. म्हणजे वादन जीमध्ये, आणि तबकडी कोरणारं लेथ ७६ च्या वेगाने फिरत होतं. वेग उतरवून ऐकलं तेव्हा टेनरचा (वरच्या स्वरात गाणाऱ्याचा) आवाज मोकळा झाला, तिघांचे स्वर एकमेकांत असे बसले की तीच बाजू पुन्हा पुन्हा लावत राहिलो.

करून बघणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळा. आपल्याकडची स्ट्रोबची (वेग तपासायची) चकती ७७ रेघांची असते, ती ट्यूबलाइटखाली स्थिर दिसली तर वेग ७७.९२ असतो. अमेरिकेची ९२ रेघांची, ती ७८.२६ दाखवते. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, पण या मोजणीत तो धरायलाच हवा. दुसरं, खरखर काढायचं सॉफ्टवेअर किंवा लो-कट (खालचे स्वर कापणारा फिल्टर) आधी लावू नका, घुंईं त्याच्याबरोबर जाते. ऑडॅसिटी या ध्वनी-सॉफ्टवेअरचं स्पेक्ट्रम पुरेसं आहे, फक्त साइझ सगळ्यात मोठी ठेवा. आणि पेटीत सगळं बसवलेले ते स्वस्त यूएसबी टर्नटेबल कृपा करून घेऊ नका. वेग स्थिर नसेल तर रेघ फिसकटते. जुनं, ७८ चा वेग असलेलं डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर फिरणारं) टर्नटेबल आणि तीन मिलची (७८ च्या रुंद खाचेची) सुई, यावर खर्च करा.

मूळ बेत एवढाच होता: वेग दुरुस्त करायचा आणि पुढच्या बाजूकडे वळायचं. पण काल रात्री वेगळंच सुचलं. जिम स्टँटनने १९४६ मध्ये टेनेसीतल्या जॉन्सन सिटीत हे लेबल काढलं तेव्हा त्याच्याकडे मोठ्या कंपन्यांसारखा स्टुडिओ नव्हता. त्याची गाणी रेडिओ स्टेशनांत मुद्रित व्हायची. कार्टर आणि राल्फ या भावांच्या स्टॅन्ली ब्रदर्स बँडची सुरुवातीची मुद्रणं ब्रिस्टलच्या डब्ल्यूओपीआय या स्टेशनात झाली. प्रत्येक स्टेशनचं लेथ थोडं पुढेमागे फिरत असणार. मग घुंईंवरून लेथ ओळखता येईल, आणि कोणती बाजू कोणत्या स्टेशनात कोरली याचाही माग लागेल!

माझ्या यादीत आता 'मॉली अँड टेनब्रुक्स' हे गाणं सगळ्यात वर. ब्लूग्रासचा जनक मानला जाणाऱ्या बिल मन्रोने ते ऑक्टोबर १९४७ मध्ये कोलंबियासाठी मुद्रित केलं, पण रेकॉर्ड आली १९४९ मध्ये. त्याआधी १९४८ मध्येच स्टॅन्लींची रेकॉर्ड रिच-आर-टोनवर बाजारात होती: त्यांच्या बँडमधल्या पी वी लँबर्टचा उंच आवाज, राल्फचा तीन बोटांचा बँजो. मन्रोच्या बँडचा बाज इतरांनी उचलला आणि त्याची ब्लूग्रास ही एक शैली झाली, याचा मला सगळ्यात पक्का वाटणारा पुरावा हाच, आणि तो एका छोट्या डोंगराळ गावातल्या लेबलने दिला. त्या बाजूचा खरा वेग आणि खरी पट्टी कळायलाच हवी.

गॉस्पेल बाजूंची अनुक्रमणिका त्यामुळे थोडी मागे पडेल. विल्मा ली आणि स्टोनी कूपर या गायक जोडप्याच्या बाजू मात्र मधे घुसवणार आहे, त्यांचं लेथ वेगळं निघतं का ते बघायचंय. कुणाकडे रिच-आर-टोनच्या कोणत्याही बाजूची कच्ची, काही न पुसलेली डिजिटल नक्कल असेल तर पाठवा. ९६ किलोहर्ट्झ असेल तर उत्तम, आणि टर्नटेबल ५० च्या विजेवर होतं की ६० च्या, तेवढं लिहा.